वायसर

पंपाचा स्टोव्ह आपलं जळण आपणच शिजवून घेई. टाकीतलं रॉकेल तसंच पेटवलं तर पिवळी ज्योत, काजळी आणि डोळ्यांत धूर. निळं जळायला हवं तर त्याची आधी वाफ व्हायला हवी, आणि त्यासाठी ते दीडशे अंशांच्या पुढे तापायला हवं. तापवणार कोण? तर तीच ज्योत. टाकीतून वर चढलेली नळी बर्नरमध्ये शिरते, ज्योतीजवळून वळसा घेते, तिथं रॉकेलची वाफ होते. ती वाफ निप्पलच्या अर्ध्या मिलिमीटरहून बारीक भोकातून जोरानं उसळते, उसळताना भोवतालची हवा ओढून घेते आणि टोपीवर आपटून जळते. त्या जळण्यावर पुढचं रॉकेल तापतं. एकदा सुरू झालं की टाकीत हवा आणि रॉकेल असेपर्यंत चालूच.

अडचण फक्त पहिल्या दोन मिनिटांची, आणि तिच्यासाठी काकडा. तो स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरच्या मानेला अडकवायचा, पेटवायचा आणि गप्प बसायचं. तो विझत आला की हवेचा स्क्रू आवळायचा आणि पंप मारायला घ्यायचं. घाई केली की हातभर उंच पिवळा भडका, भिंत काळी आणि माजघरातून आजीचा उद्धार.

ही रचना 1892 मधली, स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराची. त्याचा ‘प्रायमस’ जगभर गेला. 1953 साली एव्हरेस्टच्या सगळ्यात वरच्या तंबूत हिलरीचे बूट रात्रीतून गोठून दगड झाले, तेव्हा त्यानं ते प्रायमसच्या ज्योतीवर धरून मऊ केले आणि मग तो नि तेनसिंग शिखराकडे निघाले. सांगलीच्या गणपती पेठेत त्याच जातीच्या स्टोव्हना माझा मामा डाग देत असे.

मामाचं दुकान म्हणजे बोळाच्या तोंडाशी असलेली एक अरुंद जागा. पाटी नव्हती. खिळ्याला लटकवलेले बर्नर हीच पाटी. आत एक लाकडी ठोकळा, एक शेगडी, नवसागर नि कथलाचे डबे, पाण्यानं भरलेली बादली. टाकीला डाग दिला की मामा तिच्यात हवा भरून ती बादलीत बुडवे आणि बुडबुडा येतो का बघे. सातवीतून शाळा सुटलेला माणूस. आधी सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला, मग तिथूनच स्टोव्हकडे. पंप दोन्हीकडे तोच, असं तो म्हणायचा.

गिऱ्हाईक स्टोव्ह घेऊन आलं की तो लगेच पाना हातात घेत नसे. पेटवून ऐके. ‘फडफडतोय. रॉकेलमध्ये पाणी आहे, दुकान बदला.’ ‘शीळ घालतोय. बर्नरच्या मानेतून गळती.’ ‘पिवळा जळतोय. वहिनी, पिन मारून मारून भोक मोठं केलंत, आता निप्पल नवं घ्यायला लागतंय.’ ती पिन म्हणजे पत्र्याच्या पट्टीच्या टोकाला केसाएवढी तार. घरोघरी चुलीजवळच्या फळीवर असायची आणि हवी तेव्हा कधी सापडायची नाही. स्टोव्ह नीट असला की एकसारखा भर्र आवाज येई. तेवढा ऐकून मामा मान हलवी आणि पैसे न घेता परत पाठवी. यावरून मामी पुष्कळ बोलायची.

सुट्टीत मी तिथं जाऊन बसायची. मुलीच्या जातीनं दुकानात बसू नये, असं आजी म्हणे. मामा म्हणे, तिचे डोळे बारीक आहेत, तिला तार ओवता येते. त्यानं मला शिकवलेली पहिली गोष्ट वायसर.

पंपाच्या दांडीच्या टोकाला कातड्याची एक उथळ वाटी असते, अंगठ्याच्या पेराएवढी. तिची कड खाली, टाकीच्या बाजूला. दांडी वर ओढली की कड आत दबते आणि बाहेरची हवा तिच्या बाजूनं निसटून खाली जाते. दांडी खाली दाबली की तीच हवा वाटीत कोंडते, कड फुलवते, कड नळीला घट्ट चिकटते, आणि हवेला टाकीत शिरण्यावाचून गती राहत नाही. टाकीच्या तोंडाशी स्प्रिंगवर बसलेला एक बुचाचा किंवा रबराचा मणी आहे. हवा आत आली की तो उठतो, परत जाऊ बघते तेव्हा बसतो. एवढंच. यात ना दार आहे, ना कडी, ना उघडझाप करणारा कोणी. ‘हवाच हवेची वाट बंद करते,’ मामा सांगायचा, ‘आपण फक्त कातडं मऊ ठेवायचं.’ त्यासाठी खोबरेल तेलाचा एक थेंब. कातडं वाळलं की पंप पोकळ जातो. हात वरखाली होतो, आत काही जात नाही.

वायसर मामाला सगळीकडे दिसे. सायकलच्या पंपात, फुटबॉलच्या पंपात, आणि बहात्तरच्या दुष्काळानंतर गावोगाव बसू लागलेल्या हातपंपात. या हातपंपांची कुळकथा इथलीच आहे. ओतीव लोखंडाचे जुने पंप एका घरापुरते बनवलेले. अख्खं गाव दिवसभर दांडा मारू लागलं की मोडायचे. मग जालना आणि सोलापूर इथं विहिरी खणणाऱ्या लोकांनी आपापले मजबूत पंप जुळवले. त्यातल्या सोलापूर पंपावरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीनं ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि पुढे आफ्रिकेपर्यंत गेला. त्याच्या सिलिंडरमध्ये खोल पाण्याखाली कातड्याचेच वायसर होते, फक्त आकारानं मोठे. मिरजेच्या पुढे एका गावात हातपंप उघडलेला दिसला म्हणून मामा एसटीतून उतरला होता. पुढची गाडी संध्याकाळी होती. लग्नाला निघालो होतो आम्ही. मामी त्या लग्नात कुणाशी बोलली नाही.

स्टोव्हच्या आठवणी काढताना लोक फार हळवे होतात. पहाटेचा चहा, रॉकेलचा वास, आजीची कडेवरची नातवंडं. मला ते पुरतं पटत नाही. त्या काळची कुठलीही वर्तमानपत्रं उघडावीत. आतल्या पानावर चार ओळींची बातमी असायचीच, स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली. नायलॉनच्या साड्या, जमिनीवर मांडलेला स्टोव्ह, पेटत्या टाकीत रॉकेल ओतायची घाई, यानं खरेखुरे अपघात होत होते. पण सगळेच अपघात नव्हते, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. 1983 मध्ये 498-अ आणि 1986 मध्ये हुंडाबळीचं 304-ब कलम आलं, ते त्याचमुळे.

एके दिवशी एक हवालदार गोणपाटात गुंडाळलेला स्टोव्ह घेऊन दुकानात आला. मी तिथंच होते. कॉलेजात होते तेव्हा. भडका उडाला म्हणतात, जरा बघा, असं तो म्हणाला. मामानं टाकी फिरवून फिरवून बघितली. चीर नाही, डाग सुटलेला नाही. मग पंपाची दांडी बाहेर काढली आणि वायसर बोटांत धरला. तो वाळून चिरफाळलेला होता. ‘जळलेलं कातडं आक्रसतं,’ मामा म्हणाला, ‘हे आक्रसलेलं नाही, वाळलेलं आहे. यात हवाच भरत नाही. हा स्टोव्ह कित्येक दिवसांत पेटलेला नाही.’ हवालदारानं विचारलं, लिहून देता का? मामाचं अक्षर वाईट होतं. त्यानं सांगितलं आणि मी लिहिलं. खाली सही त्याची. पुढे त्या बाईच्या सासरचं कोणीतरी दुकानाशी येऊन अद्वातद्वा बोलून गेलं, एवढं आठवतं.

त्यानंतर लवकरच मामानं घरी गॅस आणला. नंबर लागायला वेळ गेला, शिफारस लागली, पण आणला. स्टोव्हवाल्याच्या घरात गॅस म्हणून पेठेत चेष्टा झाली. मामा म्हणे, खाली बसून हवा मारायची आणि वर पदर सांभाळायचा, हे काम बाईमाणसाचं नव्हेच, कुणाचंच नव्हे. यंत्र आवडणं आणि ते घरात असावंसं वाटणं या त्याच्या लेखी दोन निराळ्या गोष्टी होत्या.

पुढे गॅस सगळ्यांकडेच आला. रेशनचं निळं रॉकेल कमी होत गेलं, वातीचे ‘नूतन’ स्टोव्हसुद्धा माळ्यावर गेले, आणि दुकानाची वखार झाली. मी पुण्याला होते. एकदा मी त्याला आंद्रे या स्वीडिश माणसाची गोष्ट सांगितली. 1897 मध्ये तो दोन सोबत्यांना घेऊन बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला. बलून बर्फावर उतरलं, तिघं कित्येक आठवडे वाट काढत एका निर्जन बेटावर पोचले आणि तिथंच संपले. 1930 मध्ये त्यांचा तळ सापडला, तेव्हा त्यात प्रायमस होता आणि तो चालू स्थितीत होता. मला ही गोष्ट भयंकर वाटली होती. मामा बराच वेळ विचार करून म्हणाला, ‘बर्फात कातडं वाळत नसेल.’

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेली आणि गणपती पेठ पाण्यात बुडाली. पाणी ओसरल्यावर मामा दुकान उघडायला गेला. पितळेला काही झालं नव्हतं. चिंच लावून घासलं की पुन्हा पिवळं. कातड्याचे वायसर मात्र फुगून कुजले होते, डबाच्या डबा. तो गाळ त्यानं हातानं काढला. कोणाला ऐकणार? खोकला आधीपासून होता, त्या ओलीनंतर तो घरातच राहायला आला. बिडीकाडीचं व्यसन नव्हतं, पण हयात रॉकेलच्या धुरात गेली होती.

इस्पितळातले डॉक्टर समजावून सांगणारे होते, हे मामाचं नशीब. ते म्हणाले, तुमचा श्वास आत जातो पण पुरता बाहेर पडत नाही. शिळी हवा आत कोंडून राहते, म्हणून ताजीला जागा मिळत नाही. मामाचे डोळे चमकले. ‘म्हणजे माझ्या छातीत मणी बसलाय की! जन्मभर लोकांचे बसवले.’ मग डॉक्टरांनी ओठांचा चंबू करून, शीळ घातल्यागत, हळूहळू श्वास सोडायला शिकवलं. तोंड बारीक ठेवलं की आत थोडा दाब राहतो, बारीक वाटा मिटत नाहीत, अडकलेली हवा निघून जाते. मामानं दोनदा करून बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, ‘निप्पल.’ शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला त्यानं संध्याकाळपर्यंत ते शिकवलं; त्याचं भोक मोठं राहतंय, ही तक्रार मात्र शेवटपर्यंत चालू होती.

घरी भाड्यानं ऑक्सिजनचं यंत्र आणलं. चाकांवरची एक पांढरी पेटी, भिंतीतल्या विजेवर चालणारी, खोलीतलीच हवा घेऊन तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढणारी. जोडून देणाऱ्या मुलानं दोन गोष्टी बजावल्या. खोलीत जाळ नको, आणि नळीच्या आसपास तेल नको, व्हॅसलीनसुद्धा नको. ऑक्सिजनमध्ये तेल भडकन पेट घेतं. देवाजवळचा दिवा मामीनं स्वयंपाकघरात नेला. मामा म्हणाला, जन्मभर खोबरेल तेलावर निभावलं आणि आता तेच वर्ज्य.

त्या पेटीतलं त्याला सगळ्यात आवडलं ते समोरच्या काचेच्या नळीतली गोळी. ऑक्सिजन मिनिटाला किती लिटर जातोय ते ती दाखवते. मामानं मला चश्मा आणायला लावला आणि बराच वेळ नळी न्याहाळली. ती वर जरा रुंद आहे, खाली अरुंद. हवा खालून येते, गोळीला उचलते. गोळी जसजशी वर जाते तसतशी तिच्या भोवतीची फट वाढते, हवेला निसटायला जागा होते, उचलणं कमी पडत जातं. जिथं हवेचं उचलणं आणि गोळीचं वजन बरोबरीत येतं तिथं ती तरंगत थांबते. काटा नाही, स्प्रिंग नाही, दात्यांची चाकं नाहीत. ‘नळीला नुसता उतार दिला आणि मोजमाप झालं,’ तो म्हणाला. आल्यागेल्याला तो ती गोळी दाखवे. तब्येत विचारायला आलेली माणसं गोळी बघून जात.

एका रात्री त्याला धाप लागली आणि गोळी तर तीनवर ठाम. मामी घाबरली. मामानं खुणेनं साबणाचं पाणी मागितलं. मी पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला आणि नळीच्या सांध्यांना बोटानं फेस लावत गेले. झाकणापाशी बारीक बुडबुडे फुगायला लागले. झाकण आडवं बसलं होतं. गोळी बाटलीच्या आधी आहे, ती कशी सांगणार, असं तो दम खाऊन म्हणाला. गळती नेहमी मापाच्या पुढे असते.

दिवसभर पडल्या पडल्या तो पेटीचा आवाज ऐकत असे. आत कॉम्प्रेसर घुमत असतो, ते कुणालाही कळेल. पण ठरावीक वेळानं एक फुस्स येई, आणि मग थोड्या वेळानं पुन्हा एक. मामाचं म्हणणं, हे दोन्ही फुस्स एक नाहीत. ‘एक जरा घोगरा आहे. आत दोन टाक्या आहेत. एक भरत असते तेव्हा दुसरी सोडते. मग उलट.’ मला फरक ऐकू येत नव्हता. मामीला तर त्या पेटीचाच वैताग आला होता. मी म्हणाले, पुण्याला जाऊन वाचून सांगते. ते राहून गेलं. नंतर दोनदा फोनवर त्यानं विचारलं, आणि मी दुसरंच काही बोलले, कारण त्याचा आवाज फार बारीक झाला होता आणि मला तेवढंच ऐकू येत होतं.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे मामा गेला. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. यंत्र बंद करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आतल्या खोलीत ते दुपारपर्यंत हवा गाळत होतं, नळी उशीवर पडलेली, गोळी तीनवर.

तेरावं झाल्यावर यंत्र न्यायला तोच मुलगा आला. अनामत रक्कम परत द्यायची म्हणून त्यानं पेटी तपासायला घेतली. मागची स्पंजाची जाळी काढून म्हणाला, इतकी स्वच्छ जाळी मी बघितली नाही, कोण धूत होतं? मामाच धुवायचा, रविवारी. मुलानं विचारलं, काय करायचे ते? स्टोव्ह दुरुस्त करायचे, मी सांगितलं. त्यानं गॅसच्या शेगड्या का असं विचारलं. मी नाही म्हणाले, आणि मग काय सांगावं ते सुचेना. म्हणून मीच त्याला विचारलं, आत टाक्या किती असतात?

त्यानं स्क्रू काढून झाकणच उघडलं. आत दोन नळकांडी उभी होती, शेजारी शेजारी. झिओलाइट म्हणून खडे असतात यांत, तो सांगू लागला. हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो, दाब दिला की हे खडे तो धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. मग दाब सोडायचा, की धरलेला नायट्रोजन बाहेर. तोवर दुसरं नळकांडं कामाला लागतं.

‘म्हणजे दोन,’ मी म्हणाले.

‘मेन दोन. ही एक छोटी आहे बाजूला, तयार ऑक्सिजन साठवायची.’

ही तिसरी मामाच्या हिशेबात नव्हती. तो असता तर त्यानं त्या पोराला तासभर उठू दिलं नसतं. चहा मागवला असता, पेटी पुन्हा चालू करायला लावली असती, कान लावला असता. मी विचारलं, मग या तिसरीचा आवाज का येत नाही?

मुलगा थांबला. असं कुणी विचारलं नव्हतं, म्हणाला. त्यानं नळी कुठून येते, कुठं जाते ते बोटानं चाचपून बघितलं. ‘ती मोकळी होतच नाही ना,’ तो म्हणाला. ‘हे दोघं आलटून पालटून भरतात आणि फुस्स करून सोडतात. तिच्यात येत राहतं आणि तिच्यातून जात राहतं. सोडायची वेळच येत नाही.’

मग त्यानं झाकण बसवलं, स्क्रू आवळले, आणि मामीला हाक मारून अनामतीची पावती मागितली. पावती मामाच्या उशीखालच्या वहीत होती. तिच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं दोन नळकांडी काढलेली होती, बाण दाखवून. मुलानं ती उलटीपालटी करून बघितली आणि पावती आम्हाला जमा करावी लागते म्हणाला. मामी म्हणाली, पैसे नकोत मग. त्यावर बरीच वादावादी झाली. शेवटी त्यानं पुढच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढला, पैसे मोजून दिले आणि पेटी जिन्यावरून एकट्यानंच उतरवायला घेतली.